ज्यांनी कधी गुडघे टेकले नाहीत, त्यांचे गुडघे वाचवा!

परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर परभणी सोडले की पेडगाव येते. पॅसेंजर गाडी थांबली की डब्यात चढणाऱ्या बायाबापड्यांकडे जरा निरखून पाहा. साठीच्या पुढची एखादी माय आधी पिशवी आत टाकते, मग दोन्ही हातांनी दांडी धरते, एक पाय पायरीवर ठेवते आणि दुसरा उचलताना तिच्या तोंडून 'आई गं' निघते. मागून कोणीतरी रेटा देतो तेव्हा ती वर जाते. 'गुडघे लय दुखायलेत बाप्पा, बसता येईना की उठता येईना,' ती सांगते. 'मावशी, दवाखान्यात दाखवलं का?' असे विचारले तर म्हणते, 'काय दाखवायचं? वय झालं की दुखतेच की. सुई मारून घेते, दोन दिस बरं वाटते.'

हे चित्र एकट्या पेडगावचे नाही. मराठवाड्यातल्या कोणत्याही भीमनगरात, कोणत्याही बुद्धविहारात जा. वंदना संपल्यावर शेजारणीच्या खांद्याचा आधार घेतल्याशिवाय उठता न येणाऱ्या किती भगिनी दिसतात, ते मोजा. ही कोणती पिढी आहे? ११ नोव्हेंबर १९७९ रोजी प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादच्या दिशेने नामांतराचा लाँग मार्च निघाला, त्या काळात तरुण असलेली ही पिढी आहे. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळेपर्यंत मोर्चात चालणारी, पोलिसांच्या लाठ्या झेलणारी, घरादाराची राख झाली तरी जातीयवाद्यांपुढे गुडघे न टेकणारी ही माणसे. आज त्यांचेच गुडघे त्यांना साथ देत नाहीत. समाज म्हणून आपण त्याकडे 'म्हातारपण' म्हणून पाहतो आणि पुढे जातो. हे योग्य आहे काय?

गुडघा कोणाचा, यावर त्याची बातमी होते की नाही हे ठरते. ऑक्टोबर २००० मध्ये तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्याचे आणि जून २००१ मध्ये उजव्या गुडघ्याचे प्रत्यारोपण मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात झाले. त्या दिवसांत साऱ्या देशाला गुडघ्याचे शास्त्र पाठ झाले होते. पंतप्रधानांवर उत्तमातले उत्तम उपचार व्हावेत, याबद्दल तक्रार नाही. प्रश्न इतकाच की उकिडवे बसून आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात खुरपणी करणाऱ्या मायच्या गुडघ्याचे शास्त्र तिला कोण समजावून सांगणार? तिच्यासाठीच हा लेखप्रपंच.

दुखणे नेमके कशाचे?

गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांवर टेकतात. त्यांची टोके घासू नयेत म्हणून त्यांवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. खेड्यापाड्यात लोक त्याला 'गादी' म्हणतात. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या पातळ द्रवातून तिला पोषण मिळते आणि तो द्रव खेळता राहण्यासाठी सांधा हलता राहावा लागतो. ही कूर्चा झिजू लागली, खालचे हाड टणक होऊन कडेला वाढू लागले, आतले अस्तर सुजू लागले, की जो आजार होतो त्याला वैद्यकशास्त्रात ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. 'ग्रीस संपले' असे आपले लोक म्हणतात ते अर्धेच खरे. गुडघा म्हणजे निव्वळ यंत्र असते तर ग्रीस भरून काम भागले असते. तो जिवंत अवयव आहे. त्याच्यावर किती ओझे पडते आणि शरीरात काय चालले आहे, या दोन्हींचा त्याच्यावर परिणाम होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ साली जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना हा आजार होता. त्यात ६० टक्के स्त्रिया होत्या. सर्वाधिक त्रास गुडघ्याचा, सुमारे ३६ कोटी ५० लाख लोकांना. वय, स्त्री असणे, घराण्यातील कल, जुनी दुखापत, पायांचा बाक आणि कष्टाचे काम ही त्याची कारणे आहेत. यांतले वय कोणी कमी करू शकत नाही. पण एक मोठे कारण असे आहे की ज्यावर काही करता येते. ते म्हणजे वाढलेले वजन.

एक किलोचे चार किलो

साध्या सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. जिना चढता-उतरताना तो आणखी वाढतो. अमेरिकेतील संशोधकांनी २००५ साली गुडघेदुखी असलेल्या, वजन जास्त असलेल्या वृद्धांची चाल मोजून पाहिली. वजन एक किलोने उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो, असे त्यांना आढळले. आता आपणच हिशेब करा. पाच किलो वजन घटले तर पावलागणिक वीस किलो भार कमी झाला. दिवसभरात एका पायाने दोन हजार पावले टाकली तर त्या गुडघ्यावरून चाळीस हजार किलो, म्हणजे चाळीस टन ओझे एका दिवसात उतरले! हमालाच्या पाठीवरून चाळीस टन उतरले तर त्याला काय वाटेल? गुडघ्यालाही तसेच वाटते.

अमेरिकेतच फ्रॅमिंगहॅम गावातील लोकांचा अनेक वर्षे अभ्यास झाला. दहा वर्षांत सुमारे पाच किलो वजन कमी केलेल्या स्त्रियांमध्ये गुडघेदुखीच्या या आजाराचा धोका निम्म्याहून खाली आला, असे १९९२ साली त्यातून पुढे आले. इंग्लंडमधील संशोधकांनी २००१ साली दाखवून दिले की वजन जास्त असलेल्या सर्वांनी पाच किलो वजन घटवले किंवा ते प्रमाणात आणले, तर गुडघ्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत जाणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे २४ टक्के रुग्णांची ती वेळ टळू शकेल. आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, ४५४ रुग्णांच्या अभ्यासात आहार आणि व्यायाम या दोन्हींची जोड देऊन दीड वर्षात वजन दहा-अकरा टक्के उतरवले गेले, तेव्हा वेदना जवळजवळ निम्म्यावर आल्या. सत्तर किलोच्या बाईला हे सात-आठ किलो होतात. अशक्य आहे काय?

कोणी म्हणेल, हे फक्त ओझ्याचे गणित आहे. तसे असते तर जाड माणसाच्या हाताच्या बोटांचे सांधे दुखले नसते, कारण बोटांवर कोणी चालत नाही. पण वजन जास्त असलेल्यांना बोटांच्या सांध्यांचाही हा आजार अधिक होतो. शरीरातली चरबी, विशेषतः पोटाच्या घेरातली चरबी, गप्प पडून राहत नाही. ती सूज वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडते आणि ती द्रव्ये सांध्यांपर्यंत पोहोचतात. म्हणून भारतीयांच्या बाबतीत वजनाइतकाच पोटाचा घेर महत्त्वाचा मानला जातो. स्त्रियांनी ८० सेंटीमीटर आणि पुरुषांनी ९० सेंटीमीटर ही मर्यादा लक्षात ठेवावी. घरात शिवणकामाची टेप असेल तर हे दोन मिनिटांचे काम आहे.

मग दोष त्या मायचा काय?

इथेच सावध झाले पाहिजे. वजनाचा विषय निघाला की 'बसून खाते म्हणून जाड झाली' असे बोलायला लोक टपलेलेच असतात. शहरातला सुखवस्तू माणूस जिममध्ये जाऊन वजन उतरवतो आणि गरिबाला आळशी ठरवतो. वास्तव काय आहे? ज्या बाईने कापूस वेचला, खुरपणी केली, डोक्यावर पाणी आणि सरपण वाहिले, ती बसून कधी खाणार? गुडघे वाकवून आणि ओझी उचलून करायचे काम हे या आजाराचे स्वतंत्र कारण आहे, हे शास्त्राने सिद्ध केले आहे. वाढलेले वजन आणि असे काम एकत्र आले की धोका नुसता वाढत नाही, तो गुणाकाराने वाढतो. २००० साली इंग्लंडमधील एका अभ्यासात दोन्ही गोष्टी असलेल्यांचा धोका, दोन्ही नसलेल्यांच्या तुलनेत चौदा पटींहून अधिक दिसला. कष्टकऱ्याला वाढलेले वजन खुर्चीवाल्यापेक्षा महाग पडते, याचा अर्थ हाच.

आणि वजन वाढते कशाने? आपल्या आजी-आजोबांनी शिळेपाके खाऊन, अर्धपोटी राहून दिवस काढले. आज पोट भरते, हे चळवळीचे आणि कायद्याचे यश आहे. पण ताटात काय आले? रेशनवर गहू आणि तांदूळ आले, डाळ महागली, स्वस्त तेलाच्या पिशव्या आल्या, पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा आणि चौकातला वडापाव आला. दिवसाला पाच कप चहा आणि कपाला दोन चमचे साखर धरली तर पन्नास ग्रॅम साखर, म्हणजे दोनशे कॅलरी निव्वळ चहातून पोटात जातात. पोट भरते, अंग भरते, पण रक्त भरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त, १८.७ टक्के स्त्रियांचे प्रमाणापेक्षा कमी आणि ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे एकाच गल्लीत, कधी एकाच घरात, एक वाळलेली आणि एक सुजलेली, आणि रक्त दोघींनाही कमी. हा खादाडपणा नव्हे, हे निकृष्ट अन्नाचे राजकारण आहे.

त्यात गुडघा दुखू लागला की चालणे कमी होते. चालणे कमी झाले की वजन वाढते. वजन वाढले की गुडघा अधिक दुखतो. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की ते आपोआप थांबत नाही.

राजा प्रसेनजिताची गोष्ट

तथागतांच्या काळीही हा प्रश्न होता. संयुत्त निकायात कोसलचा राजा प्रसेनजित याची कथा आहे. हा राजा द्रोणभर भाताचे जेवण करीत असे. एकदा असाच भरपेट जेवून धापा टाकीत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला शाप दिला नाही, हसले नाहीत, पूर्वजन्मीचे पाप सांगितले नाही. मात्रा ओळखून जेवणाऱ्याची वेदना कमी होते आणि म्हातारपण सावकाश येते, अशा अर्थाचा उपदेश त्यांनी केला. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला तो उपदेश पाठ करायला लावला आणि आपल्या जेवणाच्या वेळी रोज म्हणायला सांगितले. त्यासाठी त्याला रोज शंभर कार्षापण देऊ केले. हळूहळू राजाचा आहार एका नाळीवर आला, अंग हलके झाले आणि स्वतःच्या अंगावरून हात फिरवीत त्याने भगवंतांचे आभार मानले.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या कथेत आजच्या डॉक्टरांना सांगायचे ते सगळे आहे. एकदम उपाशी राहू नका, हळूहळू कमी करा, आणि आठवण करून देणारे माणूस सोबत ठेवा. दुःखाला कारण असते आणि ते कारण दूर करता येते, हाच तर आपला धम्म. गुडघेदुखीला 'नशीब' म्हणणे हे धम्माला सोडून आहे.

सुई, पुडी आणि ताईत

पण नशिबाच्या नावाने दुकाने थाटलेली आहेत. कोणी तांब्याचे कडे देतो, कोणी मंतरलेले तेल देतो, कोणी 'जडीबुटी'ची पुडी देतो आणि ती घेताच दोन दिवसांत आराम पडतो. इतका झटपट आराम पडला की शंका घ्यावी. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळल्याचे प्रकार अनेकदा उघडकीस आले आहेत. स्टिरॉइड दीर्घकाळ पोटात गेले की वजन वाढते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. ज्या रोगासाठी औषध घेतले त्याच रोगाला खतपाणी! वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने स्वतःच्या मनाने खाल्ल्या तर पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडाला इजा होते. टीव्हीवर जाहिरात होणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या डब्यांचे काय? २००६ साली पंधराशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत एकूण रुग्णांना त्याचा खोट्या गोळीपेक्षा विशेष फायदा दिसला नाही. १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्याने लठ्ठपणा आणि संधिवात बरा करण्याच्या जाहिराती करण्यास बंदी आहे. तरीही भिंती रंगवल्या जातात. त्या भिंती वाचणाऱ्या तरुणांनी तक्रार केली पाहिजे.

प्रत्येक सांधेदुखी ही झीज नसते, हेही लक्षात असू द्या. सांधा लाल-गरम झाला, ताप आला, सकाळी तासाहून अधिक वेळ सांधे आखडले, किंवा लहान वयात अनेक सांधे सुजले, तर आजार वेगळा असू शकतो. तिथे वेळ न दवडता डॉक्टरकडे जावे. हाडे ठिसूळ होणे हा आणखी वेगळा आजार आहे.

काय करता येईल?

पहिली गोष्ट जेवणाची. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली 'परभणी शक्ती' हे लोह आणि जस्त अधिक असलेले ज्वारीचे वाण दिले. आपल्याच मातीतली ही ज्वारी अवश्य खावी. मात्र भाकरी म्हणून चार खाल्ल्या तर वजन कमी होणार नाही, कारण ज्वारीत आणि गव्हात कॅलरी जवळपास सारख्याच असतात. एक भाकरी कमी करून तिची जागा वरण, अंडे, मटकी, मेथी, तांदुळजा, अंबाडी यांना द्यावी. चहातली साखर अर्धी करावी. तेल माणशी महिन्याला अर्ध्या-पाऊण किलोच्या आत ठेवावे. महिन्याला एक-दोन किलो उतरले तरी पुरे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपोसथाचा उपवास डॉक्टरांना विचारूनच करावा.

दुसरी गोष्ट व्यायामाची. 'दुखते म्हणून हलू नका' हा सल्ला चुकीचा आहे. खुर्चीवर बसून गुडघा सरळ करावा, पाच आकडे मोजेपर्यंत धरावा, सोडावा. असे दहा वेळा, दोन्ही पायांनी, दिवसातून दोनदा. याने मांडीचे स्नायू बळकट होतात आणि गुडघ्यावरचा ताण ते वाटून घेतात. सपाट रस्त्यावर दहा मिनिटांपासून चालायला सुरुवात करावी. दुखणे वाढवणारे उकिडवे बसणे टाळावे, शौचालयात खुर्ची-कमोड वापरावा. काठी घ्यावी आणि ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. काठी धरायला लाज वाटते काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांना धम्मदीक्षा देताना बाबासाहेबांच्या हातात काठी होती आणि नानकचंद रत्तू यांचा आधार होता. मधुमेहाने आणि मज्जातंतूंच्या दुखण्याने त्यांचे पाय जर्जर झाले होते. तरी त्या पायांनी त्यांनी इतिहास घडवला.

तिसरी गोष्ट हक्काची. झीज फार झाली तर सांधा बदलणे हा खात्रीचा उपाय आहे. १६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्रास वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा, जो सरासरी १ लाख ५८ हजारांना पडत होता, तो जीएसटी वगळून ५४,७२० रुपयांवर आला. याचा अर्थ एवढाच की तोवर गरिबाच्या वेदनेवर किती नफा कमावला जात होता! महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण २०२३ च्या शासन निर्णयाने कुटुंबामागे वर्षाला ५ लाख झाले. आपल्या आजारावरचा कोणता उपचार त्यात बसतो आणि कोणत्या रुग्णालयात होतो, हे आरोग्यमित्राकडून लेखी माहीत करून घ्या. परभणीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पेडगावच्या मायने तिथपर्यंत जावे आणि तिथे तिला व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट भेटावा, ही मागणी आता लावून धरली पाहिजे. आशाताई तिशीच्या पुढच्या माणसांचा फॉर्म भरताना कंबरेचा घेर विचारतात. त्या घेराचे पुढे काय झाले, हेही आपण विचारले पाहिजे.

विहारात पाच खुर्च्या

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी कामकरी स्त्रीच्या शरीराचा भार तिने एकटीने सोसू नये, मालकाने आणि सरकारने तो उचलावा, अशी भूमिका घेतली होती. मजूरमंत्री असताना कामाचे तास आठवर आणण्यासाठी ते झटले. कष्टकऱ्याचे शरीर हा राजकीय प्रश्न आहे, हे त्यांनी आपल्याला तेव्हाच शिकवले. आपण मात्र जयंतीच्या डीजेवर हजारो रुपये उडवतो आणि विहारात म्हाताऱ्या मायला बसायला खुर्ची नसते!

म्हणून एक साधी सूचना. या वर्षीच्या जयंतीच्या वर्गणीतून प्रत्येक विहारात पाच खुर्च्या, एक वजनकाटा आणि एक टेप घ्यावी. रविवारच्या वंदनेआधी पंधरा मिनिटे सर्वांनी मिळून गुडघ्यांचा व्यायाम करावा. एखाद्या शिकलेल्या मुलीने वहीत सगळ्यांची वजने लिहावीत आणि महिन्याने पुन्हा घ्यावीत. प्रसेनजिताला सुदर्शन मिळाला होता. आपल्या मायला तिच्या नातवंडांशिवाय दुसरा सुदर्शन कोण मिळणार? आणि खीरदान करताना खीर जरा कमी गोड केली, तर पुण्य काही कमी होणार नाही.

जानेवारी २०२५ मध्ये परभणीहून मुंबईच्या दिशेने पुन्हा एक लाँग मार्च निघाला. सोमनाथ सूर्यवंशीला न्याय मागण्यासाठी माणसे पुन्हा रस्त्याने चालली. उद्याही चालावे लागणार आहे, कारण ही व्यवस्था सहज न्याय देणारी नाही. त्या वाटेवर आपली माय आपल्याबरोबर चालत असावी, दारात बसून वाट पाहत नसावी, असे वाटत असेल तर तिच्या गुडघ्यांची काळजी आजपासूनच घ्या.

जयभीम!